केतकी टेस्ट

रविवार, २ नोव्हेंबर

आले एकदाची बेंगळुरूत! बनशंकरीतली खोली फोटोत दिसत होती त्याहून बरी निघाली. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय. वरचा मजला, पुढे गच्ची, गच्चीवर टेकलेल्या नारळाच्या झावळ्या आणि खाली रस्त्यावर कालच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका. ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे. म्हणजे इथल्या ट्रॅफिकबद्दल लोक जी रडगाणी गातात ती मला गावी लागणार नाहीत.

घरमालकीण गंगव्वा अक्का खाली राहतात, मूळच्या हावेरीकडच्या. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही, त्यामुळे आमचं छान जमेल. भेटल्यापासून सारखं ‘ऊटा आय्ता?’ विचारतात, म्हणजे जेवण झालं का. संध्याकाळी कडक ज्वारीच्या रोट्ट्या आणि शेंगाचटणी घेऊन वर आल्या. मी तोंडभर हसून, अगदी लाडिक आवाजात मराठीत विचारलं, की अक्का, या खायच्या की गच्चीवर कौलं म्हणून घालायच्या? त्याही गोड हसल्या आणि आणखी दोन ठेवून गेल्या.

काय मजा आहे! पुण्यात असं काही बोललं की लगेच भांडण. इथे चेहरा हसरा ठेवला की समोरच्याच्या तोंडावर काहीही बोलता येतं. मला हे शहर आवडणार.

आईचा फोन झाला. पुण्यातली नोकरी तू जिभेने घालवलीस, निदान ही तरी टिकव, हे तिने नेहमीप्रमाणे ऐकवलं. मग म्हणाली, की रोज फोन कर, बाबा गेल्यापासून या घरात आवाज म्हणून राहिलेला नाही, तुझा ऐकला की बरं वाटतं. करीन म्हटलं. कितीही टोचून बोलली तरी माझी आई आहे, आणि मला दुसरं आहे कोण?

सोमवार, ३ नोव्हेंबर

नोकरी अशी आहे. स्कॅनर म्हणजे एक रेडिओच, पण गाणी ऐकण्याचा नव्हे. तो एकेक चॅनल चाळत जातो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो. परवाना काढलेले हौशी लोक एकमेकांशी बोलतात, बाकीचे हौशी लोक ते ऐकतात. काय बोलतात? तुमच्याकडे पाऊस आहे का, आमच्याकडे नाही. यासाठी माणसं हजारो रुपये घालतात.

कुठल्या चॅनलवर कोण बोलतं याचा डेटाबेस आमची कंपनी बनवते आणि दर शुक्रवारी त्याचं अपडेट सोडते. गिऱ्हाइकाने स्कॅनर केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, ‘हो’ दाबायचं, संपलं. हे जमत नाही म्हणून माझी नेमणूक. आज दिवसभरात फोन केलेल्या बहुतेक सगळ्या महाभागांनी मोबाइलच्या चार्जरची केबल लावली होती. त्या केबलमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. हे त्यांना समजावणं म्हणजे भिंतीला पाढे शिकवणं. व्हाइटफील्डचे कुणी श्रीहर्ष आहेत, मोठ्या कंपनीत मोठे साहेब. त्यांनी केबलचं दुसरं टोक लावलंच नव्हतं आणि सॉफ्टवेअर कसं भिकार आहे यावर मला इंग्रजीत व्याख्यान दिलं.

मी आपली हेडसेटवर म्यूट दाबते, मराठीत मनसोक्त बोलून घेते आणि म्यूट काढून म्हणते, ‘शुअर सर’. पोट साफ राहतं.

पद्मनाभ सर, म्हणजे साहेब, यांनी डेटाबेस शिकवला. माणूस दर वाक्याला ‘सरी, सरी’ म्हणतो, म्हणजे बरोबर, बरोबर, जणू मीच त्याला शिकवतेय. त्यांनी बजावलं, की सरावासाठी घातलेल्या नोंदी अपडेट सोडण्याआधी काढायच्या. मी एका रिकाम्या चॅनलवर सरावाची नोंद टाकली आणि नाव दिलं ‘केतकी टेस्ट’. अख्ख्या पुण्यात आमच्या धंद्यातला प्रत्येक जण हेच करतो. टेस्ट म्हटलं की बोटं आपलंच नाव टाइप करतात.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझं पहिलं अपडेट सुटलं!

सकाळीच एक म्हातारा कापडी पिशवीतून स्कॅनर घेऊन आला. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, कानात यंत्र. सरकारी कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेला, मल्लेश्वरमचा. पद्मनाभ सरांशी कन्नडात बोलत बसला. त्याच्या घरी अपडेट होत नाही म्हणे. का? केबल! मोबाइलची! इंजिनीअर!

मी त्याचा स्कॅनर आमच्या केबलला लावला आणि त्याच्याकडे बघून हसत हसत मराठीत सुरू केलं. आजोबा, या वयात लोक देवळात जातात, तुम्ही दुसऱ्यांची बोलणी ऐकत बसता. घरात बायको बोलत नाही का? का कंटाळून गेली बिचारी? तो मान डोलावत होता. अपडेट झालं, त्याने स्कॅनर पिशवीत घातला, दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, की बायको गेली दोन वर्षांमागं, आता घरात मराठी बोलायला कोण न्हाई, तुझं ऐकून स्वल्प बरं वाटलं की. प्रेमा अशीच फाडफाड बोलायची. येतो की.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पद्मनाभ सरांना विचारलं तर म्हणे रत्नाकर अण्णांच्या घरात चार पिढ्या मराठीच बोलतात. मग आधी सांगायला काय झालं होतं?

पण म्हाताराही कमी नाही. एवढा वेळ गप्प बसून ऐकत होता! चोरून ऐकायची सवयच की त्याची.

सोमवार, १० नोव्हेंबर

घोळ झाला. ‘केतकी टेस्ट’ काढायची राहिली आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या स्कॅनरमध्ये जाऊन बसली.

राहिली तर राहिली, रिकामाच चॅनल आहे. पण सकाळपासून तक्रारींचा धबधबा. त्या चॅनलवर एक बाई सतत बोलते, हसते, आपल्याला समजत नाही, पण मध्येमध्ये आपलं नाव येतं, आणि ती कौतुक करत नाहीये एवढं कळतं. लोकांना दुसरे उद्योगच नाहीत. लागला असेल कुठलातरी भटका सिग्नल.

श्रीहर्ष महाशय तर भडकलेच होते. मी त्यांना उपाय सांगितला. लॉकआउटचं बटण एकदा दाबलं की चॅनल तात्पुरता वगळला जातो, दोनदा दाबलं की कायमचा. दोनदा दाबा आणि पुन्हा विचारू नका. त्यांनी दाबलं. त्याच क्षणी हॅलो, हॅलो करायला लागले. मी इकडून ओरडतेय आणि ते म्हणतात आवाज येत नाही. फोन आपटला. मोठा साहेब, फोन मात्र दोन पैशांचा.

उरलेल्यांनाही तोच मंत्र दिला. दोनदा दाबा. कायमचं बंद. प्रत्येक फोन त्या क्षणाला तुटत होता, म्हणजे आमची लाइनच खराब असणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज रत्नाकर अण्णांचा फोन. म्हणाले, की तुझा तो चॅनल फार छान आहे की, दिवसभर लावून ठेवतो. आवाज स्वल्प बारीक येतो एवढंच. मग हसत सांगितलं, की गंगव्वाच्या रोट्ट्या इतक्या वाईट नसतात, तुपाबरोबर खाऊन बघ.

मी रोट्ट्यांबद्दल परत बोलले होते ते रविवारी, आईशी. माझ्या खोलीत, दार लावून.

प्रथम वाटलं, ऑफिसचा हेडसेट घरी नेलाय की काय मी. नाही, तो इथेच होता. मग पद्मनाभ सरांच्या टेबलावरचा स्कॅनर ‘केतकी टेस्ट’वर लावला. काही नाही, नुसती खरखर. मी स्वतःशीच म्हटलं, म्हातारा चळलाय. आणि डबड्यातून माझाच आवाज आला, म्हातारा चळलाय.

हसायलाच आलं. ते हसणंही आलं. त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही, ओठ मिटून बसले होते, पण स्कॅनर थांबेना. सोमवारपासून म्यूट दाबून जे जे बोलले ते सगळं ओळीने. पद्मनाभचं ‘सरी, सरी’ मी नाकातून कसं काढून दाखवते, तेसुद्धा. ते मागे येऊन उभे होते हे मला दिसलं नव्हतं. मराठी येत नसली तरी आपली नक्कल कुणालाही ओळखता येते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे केला आणि लॉकआउट दोनदा दाबलं. आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

मी सॉरी म्हटलं. मनापासून. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काही म्हटलंच नाही अशासारखे. मग गेले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पद्मनाभ रुसलेत. मी समोर उभी राहून बोलतेय आणि हे माझ्या तोंडाकडे बघतात. शेवटी म्हणाले, की केतकी, राग असला तर असू दे, पण मुकं बसून नोकरी होत नाही. मी मुकी? चांगली ओरडले त्यांच्या अंगावर. त्यांनी पापणीही लववली नाही. कसलेला नट आहे.

श्रीहर्षची लेखी तक्रार आलीय, की हेल्पलाइनवाली बाई फोन उचलते आणि श्वास घेत बसते. बोलत नाही. उरलेल्या लॉकआउटवाल्यांच्याही तशाच. सगळे मिळून ठरवून करतायत असं दिसतंय. करा. तुमच्याशी बोलायची हौस कुणाला आहे?

संध्याकाळी अक्कांनी ऊटा आय्ता विचारलं, मी हो म्हटलं, त्यांना ऐकू आलं. आईलाही ऐकू आलं. मग?

उगाच तपासत होते. भिऊन नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अण्णांनी फोनवर मला माझी रोजनिशी म्हणून दाखवली.

आधी समजलंच नाही. कसलेला नट आहे, म्हणाले. मग म्हणाले, की भिऊन नाही, असं कशाला लिहितेस पोरी, भिणं चूक न्हाई. हे मी बोलले नव्हते. हे फक्त लिहिलं होतं, या वहीत, आणि वही उशीखाली होती. काल रात्रीपासून चॅनलवर तू लिहिलेलंच येतंय, ते म्हणाले, अगदी तुझ्याच आवाजात.

अगदी खरं सांगायचं तर घाबरले आहे. माणसाने कुठेतरी एकटं असायला हवं की नको?

हा चॅनल बंद झालाच पाहिजे. नोंद खोडून बघितली, पण आमचं अपडेट गिऱ्हाइकाकडची जुनी नोंद काढत नाही. ते फक्त नोंदीवर ‘वगळा’ अशी खूण करू शकतं. लॉकआउटच, पण इथून, मुख्य डेटाबेसमधून, सगळ्यांसाठी एकदम. उद्या शुक्रवारच आहे.

अण्णांना तेवढं बोलून गेले. ते म्हणाले, की नको बंद करू, सगळ्यांनी बंद केल्यावर तुझं ऐकणार कोण? मला इतका संताप आला! म्हाताऱ्याला माझं खाजगी ऐकायची चटक लागलीय. मी गोड आवाजात थाप मारली, की बंद नाही अण्णा, नव्या अपडेटने उलट आवाज खणखणीत येईल. त्यांची केबल चार्जरची, म्हणून आमची चांगली केबल कुरिअरने पाठवून दिली, सोबत मोठ्या अक्षरात कागद: केबल लावा, ‘हो’ दाबा, मध्ये काही विचारू नका. किती आनंद झाला त्यांना.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी अपडेट सोडलं. दुपारपर्यंत तक्रारी बंद. एकही फोन नाही. सुटले!

अक्का जिन्यात भेटल्या. ऊटा आय्ता? हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं. मी ओरडले, जेवले, जेवले, जेवले, आणि त्या आपल्या माझ्या तोंडाकडे बघत, कपाळाला आठ्या घालून, माझ्या गळ्याला हात लावून बघितला त्यांनी, आजारी पोराच्या गळ्याला लावतात तसा.

आईचा फोन. हॅलो. हॅलो केतकी? हॅलो?

मी बोलतेय आई. मी बोलतेय.

हॅलो?

शनिवार, १५ नोव्हेंबर

आईकडे कुठला आलाय स्कॅनर! पण सगळ्यांसाठी म्हणून खूण मीच केली ना — मुख्य डेटाबेसमध्ये — सगळ्यांसाठी. श्रीहर्षने फक्त स्वतःपुरतं दाबलं होतं. पद्मनाभने स्वतःपुरतं. मी —

मेसेज पाठवला. आईचं उत्तर आलं, की कोरा का पाठवतेस? पुन्हा पाठवला. कोरा. पद्मनाभना मेल लिहिलं, त्यांच्यासमोर उभं राहून उघडायला लावलं. कोरं. चिठ्ठी लिहून हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

खूण काढायचा प्रयत्न केला. मी टाइप केलेलं मशीनही घेत नाही.

आई सारखी फोन करतेय. रडतेय. तुला कुणी काही केलंय का, नुसतं हूं तरी म्हण, म्हणते. मी हूं म्हणतेय. शंभरदा म्हणतेय. ऐकवत नाही मला. फोन बंद करून ठेवला.

खूप रडले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

फोन चालू केला. अण्णांनी निरोप बोलून ठेवला होता, कालचा. शनिवारी तुझं ऐकलं, असं म्हणतात. रडू नको. मात्र गुरुवारपासून फार बारीक येतंय, निम्मं समजत न्हाई. उद्या केबल येणार, ती लावली की स्पष्ट ऐकतो, मग आपण बघू काय करायचं ते. मी हाय की.

त्यांना ऐकू येतंय! त्यांच्याकडे अपडेट गेलेलंच नाही. अख्ख्या जगात तो एकच स्कॅनर उरलाय, आणि मी त्याला —

कुरिअरचा मेसेज खाली आहे. पोचवलं. आज सकाळी.

फोन लावतेय. उचलत नाहीत. स्कॅनर मोठ्याने लावून बसले असणार, कानात यंत्र. मल्लेश्वरमला निघालेय.

मेट्रोत. उभ्याने लिहितेय. बाजूची बाई सरकली माझ्यापासून. सरकू दे.

अण्णा, हे ऐकू येत असेल. केबल लावू नका. मी खोटं बोलले. आवाज स्पष्ट होणार नाही, बंद होणार आहे. केबल लावू नका. केबल लावू नका अण्णा.

लालबाग. अजून लिहितेय म्हणजे अजून ऐकताय ना? तुम्हाला चळलाय म्हटलं, चटक लागलीय म्हटलं, तेही ऐकलं असेल, तरी ऐकत राहिलात. मला माफ करा. मला खरंच वाईट वाटतंय. माझ्या आईला फोन करा, नंबर सांगते, तिला सांगा की मी — आधी केबल. आधी केबल लावू नका.

मॅजेस्टिक. दारं उघडी ठेवून का थांबलीय ही —

संपिगे रोड. उतरले, धावतेय.

त्यांचं फाटक. आतून जाळीला कुलूप. बेल दाबली, जाळी वाजवली. खिडकी उघडी आहे. आतून माझाच आवाज येतोय, मोठ्याने, फुटका, हेच वाचतोय, जाळीला कुलूप, बेल दाबली. त्या आवाजात मी वाजवलेलं त्यांना ऐकू येत नाही.

दिसतायत. पाठ माझ्याकडे. चष्मा लावून तो कागद वाचतायत, माझा कागद. केबल लावलीय. स्कॅनरला हात लावून म्हणतायत, की थांब पोरी, थांब, काही समजेना, फार खरखर हाय, एवढं ‘हो’ दाबतो आणि मग नीट —

अण्णा मागे बघा. मी इथे आहे. दाबू नका. मी बाहेर उभी आहे, मागे वळून बघा, मी केत